घाटाची लांबी आणि दोन बाऱ्यांमधील अवकाश

पारनेर-संगमनेरकडच्या यात्रांत बैलगाडा ‘घाटा’त पळतो. हा घाट म्हणजे डोंगरातील वाट नव्हे, तर चढावर आखलेली शर्यतीची धाव. चढ निवडण्यामागे जाणता विचार आहे: ऐन वेगातले बैल चढामुळे आपोआप मंदावतात, गाडा आवरणे सोपे जाते.

येथे एका वेळी एकच गाडा सुटतो. प्रतिस्पर्धी शेजारी नसतो, तो घड्याळात असतो. हौशी मोटारचालकांच्या ऑटोक्रॉस स्पर्धेचे तत्त्वही हेच. मात्र तेथे मार्ग पुरेसा लांब असेल, तर पहिली मोटार धावत असतानाच दुसरी सोडता येते. घाटात ते शक्य नाही. चांगली बारी अकरा-बारा सेकंदांत संपते. ताशी ४५ किलोमीटर वेग धरला, तरी १२ सेकंदांत अंतर भरते अवघे १५० मीटर!

आता आयोजकाचा हिशेब करून पाहा. बैल आणणे, जुंपणे, निशाण पडणे, घाट मोकळा होणे या साऱ्याला तीन मिनिटे धरली, तर तासाला वीस बाऱ्या होतात. घाट निम्मा केला, तरी बारीमागे वाचतील फार तर सहा सेकंद. दिवस मावळतो तो दोन बाऱ्यांमधील अवकाशात. म्हणूनच नोंदणी आणि क्रम आधी ठरवावा लागतो; गाडे फार झाले तर यात्रेचा दिवस वाढतो.

सातारा-सांगलीकडे रीत निराळी. तेथे अनेक गाड्या शेजारी-शेजारी पळतात. साहजिकच प्रश्न वेळेचा राहत नाही, रुंदीचा होतो.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून नियम केले. त्यांत धावेची कमाल लांबी १००० मीटर ठरली. प्रत्यक्ष परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी, अंतरिम आदेशाने. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

ही १००० मीटरची मर्यादा लांब धावेच्या शर्यतींनाच खरी लागू पडते. घाट तिच्या कितीतरी आत आहे. तेथे बैलाचा कस लागतो तो बारीआधी जुंपून उभे राहण्यात आणि पुन्हा पळण्याआधी मिळणाऱ्या विश्रांतीत.