वास्को द गामा, त्याचें जहाज आणि आपण



घोडबंदरचा पोर्तुगीज किल्ला पाहून पुष्कळांस वाटतें कीं, आपला धर्म वास्को द गामाच्या जहाजांतून आला. ही समजूत खरी नव्हे. त्याचें ‘सांव गाब्रिएल’ जहाज १४९८ सालीं कालिकतास पोंचलें. त्याच्या १७७ वर्षें आधीं, १३२१ सालीं, ठाण्यांत चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले, आणि त्यांस आसरा देणारें ख्रिस्ती कुटुंब येथेंच राहत होतें.

गामाचें धैर्य कोणी नाकारूं नये. आफ्रिकेस वळसा घालून त्यानें युरोप व हिंदुस्थान जलमार्गानें जोडले. परंतु १५०२ सालीं, दुसऱ्या सफरींत, मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचें ‘मिरी’ जहाज त्यानें बायकामुलांसह जाळविलें. हा वैऱ्याचा आरोप नव्हे. त्याच्याच ताफ्यांतील तोमे लोपिश यानें हें लिहून ठेविलें आहे. १९९८ सालीं पांचशें वर्षें भरलीं, तेव्हां ह्या देशांत उत्सवास विरोध झाला, यांत नवल काय?

शिडांवर क्रूस रंगविल्यानें कृत्य ख्रिस्ताचें होत नाहीं. आपल्यांपैकीं पुष्कळांचीं आडनांवें पोर्तुगीज आहेत. म्हणूनच हा प्रसंग आपण लपवूं नये. ज्युबिलीच्या वर्षीं उपकारस्तुतीपूर्वीं पापकबुली शोभते. मुलांनीं विचारल्यास दोन्ही गोष्टी सांगा: सफरीची, आणि त्या जळालेल्या जहाजाचीहि.