जागल्या आणि कुलूप



सकाळी गल्लीत एखाद्या मोटारीची काच फुटलेली दिसते. आतली पिशवी, कागदपत्रे, क्वचित मोटारीचे चाकही नाहीसे झालेले असते. चार माणसे जमतात, हळहळतात आणि त्यांतला एखादा मालकाला विचारतो, "अहो, नीट बंद केली नव्हती का?" हा प्रश्न आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की त्यात काही विचार करण्याजोगे आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. परंतु दोनशे वर्षांपूर्वी ह्याच देशावर, पुण्याजवळच्या एखाद्या गावी चोरी झाली असती, तर जमलेल्या माणसांनी मालकाला काहीच विचारले नसते. त्यांनी विचारले असते, "जागल्या कुठे होता?"

ह्या दोन प्रश्नांमधले अंतर हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. एक प्रश्न ज्याचे गेले त्याला जबाबदार धरतो, दुसरा गावाला धरतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लोखंडात आहे, दुसऱ्याचे माणसात. आपण माणसाकडून लोखंडाकडे कसे आलो, त्यात काय कमावले आणि काय गमावले, हे आज पाहावयाचे आहे.

पेशवाई बुडाल्यावर ह्या प्रांताचा कारभार माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्याच्याकडे आला. १८१९ साली त्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयी एक विस्तृत अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणीची जी हकीकत आहे ती मोठी मनोवेधक आहे. गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची. त्याच्या हाताखाली राखणदार. तो कोठे महार असे, कोठे रामोशी, तर कोठे भिल्ल. रात्री गस्त घालावी, गावात कोण आले, कोण गेले ह्यावर नजर ठेवावी, कोणाचा स्वभाव कसा आणि कोणाच्या घरी काय आहे हे ओळखून असावे, हे त्याचे काम. चोरी झाली तर त्याने माग काढावयाचा. धुळीत उमटलेल्या पावलांवरून तो चोराच्या मागे निघे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला, की तेथल्या राखणदाराला बोलावून तो दाखवून द्यावयाचा. तेथून पुढे जबाबदारी त्या गावाची. अशा रीतीने माग गावोगाव सरकत जाई आणि ज्या गावच्या हद्दीत तो नाहीसा होई, त्या गावाला चोरीची भरपाई करावी लागे. राखणदाराच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून घ्यावयाचे, उरलेले गावावर बसवावयाचे, असा रिवाज होता.

ह्या रिवाजाचे मर्म पाहा. ज्याची चोरी झाली तो गावात एकटा पडत नसे. चोर आपल्या शिवेत राहू नये ह्यात प्रत्येक गावाचा रोकडा स्वार्थ होता. शेजाऱ्याच्या घरी घरफोडी झाली, तर त्याची झळ आपल्याला लागणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. आज ज्याला आपण पोलीस म्हणतो ते काम आणि आज ज्याला आपण विमा म्हणतो ते काम, ही दोन्ही एकाच व्यवस्थेत गुंफलेली होती.

आता कोणी म्हणेल, केवढी ही रामराज्याची व्यवस्था! तसे मुळीच नव्हे. गावाच्या हातून चोरी थांबण्यासारखी नसतानाही गावाकडून भरपाई घेणे अन्यायाचे आहे, हे खुद्द एल्फिन्स्टननेच नमूद केले आहे. पूर्ण भरपाई फार थोड्या प्रसंगी वसूल होई, बहुधा काही दंडावरच भागे, असेही तो सांगतो. ह्याहून मोठा दोष तो निराळाच. राखणीचा हा भार जन्माने माथी बसलेला होता. गावाच्या शिवेवर जागणाऱ्या माणसाला गावाच्या विहिरीवर मज्जाव होता. रात्रभर ज्याच्या भरवशावर झोपावयाचे, त्याची दिवसा सावलीही नको, असा हा व्यवहार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल आणले ते ह्याच कारणासाठी. अल्प मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या राबविणारे हे वतन म्हणजे मान नव्हे, बेडी आहे, हे त्यांनी ओळखले होते. अखेर १९५८ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी झाली, हे योग्यच झाले. म्हणून जुने दिवस परत यावेत असे मी म्हणत नाही. त्या व्यवस्थेत एक तत्त्व होते आणि एक पाप होते. पाप गेले हे चांगले झाले. तत्त्व गेले, त्याची मात्र खंत आहे.

शहरात तर राखणदाराचाच धाक वाटण्याचे प्रसंग आले. पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यात कोतवालीचा दरारा मोठा होता. रात्री ठराविक वेळी तोफ होई. त्यानंतर रस्त्यावर सापडलेला माणूस चावडीवर जाई. चोराला आळा बसला, परंतु कोतवालाला आळा घालणारा कोणी उरला नाही. १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या हुकमाने पुण्यात आलेल्या ब्राह्मणांना एका अपुऱ्या जागेत कोंडण्यात आले आणि त्यांतले कित्येक गुदमरून मेले. खवळलेल्या जमावाने अखेर घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. राखणदार जेव्हा रयतेला जबाबदार राहत नाही, तेव्हा तो चोरापेक्षा भयंकर होतो, हा त्या प्रसंगाचा धडा आहे.

१८१८ नंतर ही सारी घडी मोडली. किल्ले ओस पडले. पुरंदरासारख्या गडाची राखण पिढीजात करणाऱ्या रामोशांचे काम गेले, हक्क गेले, उत्पन्न गेले. ज्यांना जागण्याशिवाय दुसरा धंदा ठाऊक नव्हता, त्यांना सरकारने जणू सांगितले, आता तुमच्या जागण्याची गरज नाही. ह्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. पुरंदराच्या परिसरातल्या भिवडीचा उमाजी नाईक उभा राहिला. काही वर्षे त्याने कंपनी सरकारला डोंगराडोंगरांतून झुंजविले. १८३१ च्या अखेरीस तो पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी देण्यात आले. सरकारच्या दप्तरी तो दरोडेखोर होता. लोकांनी त्याला राजा म्हटले. विशेष गोष्ट अशी की, त्याच काळात सरकारने काही बंडखोर रामोशांचे अपराध माफ करून त्यांनाच डोंगरी पोलीस म्हणून पगारावर घेतले. म्हणजे राखणदाराची भाकर काढून घेतली तेव्हा तो लुटारू ठरला, आणि भाकर परत दिली तेव्हा तो पुन्हा राखणदार झाला. चोर कोण आणि शिपाई कोण, हे रक्तावर ठरत नाही, पोटावर ठरते, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा कोणता?

परंतु इंग्रज सरकारने हा धडा घेतला नाही. १८७१ साली त्याने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे १९११ च्या कायद्याने तो साऱ्या देशभर पसरविला. जन्मताच माणसावर गुन्हेगारीचा शिक्का बसू लागला. हजेरी द्यावी, परवान्याशिवाय गाव सोडू नये, तारेच्या कुंपणाआड राहावे, अशी ती जिणी. सोलापुरास अशी मोठी वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पण मनातले कायदे एवढ्या लवकर रद्द होत नाहीत. आजही गल्लीत चोरी झाली की पहिला संशय पालातल्या माणसावर जातो. हा संशय अन्यायाचा तर आहेच, शिवाय तो निरुपयोगी आहे, कारण त्याच्या आड खरा चोर निवांत निसटतो.

आता माणसाकडून लोखंडाकडे वळू. इंग्लंडात जोसेफ ब्रामा नावाच्या कारागिराने १७८४ साली एका नव्या कुलपाचा हक्क मिळविला. पुढे त्याच्या लंडनच्या दुकानाच्या खिडकीत ते कुलूप टांगलेले असे आणि ते उघडणाऱ्याला २०० गिनी देऊ, असे आव्हान त्यावर लिहिलेले असे. अर्धशतकाहून अधिक काळ ते कोणाला उघडले नाही. १८५१ साली लंडनला जागतिक प्रदर्शन भरले, त्यासाठी अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलपांचा जाणकार आला. त्याने आधी चब कंपनीचे नावाजलेले कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. मग तो ब्रामाच्या कुलपापुढे बसला. जवळजवळ १६ दिवसांत मिळून ५१ तास खटपट केली आणि तेही उघडले. साऱ्या इंग्लंडात खळबळ उडाली.

मला ह्या गोष्टीत खळबळीपेक्षा बोध अधिक दिसतो. न उघडणारे कुलूप जगात नाही, हा त्यातला अर्धा बोध. उरलेला अर्धा असा की, ते उघडावयास ५१ तास लागले. कुलूप चोराला थांबवीत नाही, त्याला वेळ लावते. पण त्या वेळाचा उपयोग कोणी तरी केला पाहिजे. कोणी तरी खिडकी उघडून "कोण आहे रे?" म्हणून ओरडले पाहिजे. ओरडणारा नसेल, तर पंचवीस मिनिटे काय आणि एकावन्न तास काय, चोराला सारखेच.

आपल्याकडे ह्या धंद्याचा पाया घातला तो मुंबईच्या अर्देशर गोदरेज ह्यांनी. वकिली सोडून ते उद्योगात शिरले आणि १८९७ साली लालबागेत त्यांनी कुलपांचा कारखाना काढला. पुढे तिजोऱ्याही होऊ लागल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत भयंकर स्फोट होऊन मोठी आग लागली, तेव्हा ह्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत राहिल्याने त्यांचे नाव घरोघर झाले. परदेशी कुलपाशिवाय भरवसा नाही हा समज एका देशी कारखान्याने मोडून काढला, ह्याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

आणि आता मोटार. घर एका जागी उभे असते, मोटार रस्त्यावर झोपते. आपली दुसरी कोणतीही एवढ्या किमतीची वस्तू आपण रात्री उघड्यावर ठेवीत नाही. म्हणून तिच्या राखणीचा प्रश्न निराळा. येथे दोन देशांचा अनुभव शिकण्यासारखा आहे. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी नव्या आणि जुन्या, सर्व मोटारींना स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे केले. मोटारींची चोरी पुष्कळच घटली आणि घटलेली राहिली. इंग्लंडात १९७१ पासून तेच कुलूप आले, परंतु केवळ नव्या गाड्यांना. तेव्हा नव्या गाड्या चोरीस जाणे कमी झाले खरे, पण चोर जुन्या गाड्यांकडे वळले. कुलूप तेच आणि चोरांची जातही तीच, पण फळ निराळे.

ह्याचा अर्थ उघड आहे. माझ्या एकट्याचे कुलूप चोराला माझ्या दारातून शेजाऱ्याच्या दारात पाठविते. सर्वांचे कुलूप त्याला गावाबाहेर घालविते. गावाच्या शिवेवर माग दाखवून देणाऱ्या जागल्याला जे तत्त्व ठाऊक होते, तेच जर्मनीच्या कायद्याने निराळ्या भाषेत सांगितले. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना, ओळखीच्या किल्लीवाचून इंजिन सुरू होऊ न देणारी विद्युत् यंत्रणा सक्तीची केली, तीही ह्याच विचाराने. पण यंत्राला प्रतियंत्र निघतेच. हात न लावता दार उघडणाऱ्या किल्लीचा संदेश घराबाहेरून पकडून मोटार पळविणारे चोर आज आहेत. ब्रामा आणि हॉब्ज ह्यांचा सामना अजून संपलेला नाही.

मग आपण काय करावे? आपल्यापुरते जे करावयाचे ते थोडके आहे, पण चुकवू नये. गाडीत पिशवी, पाकीट, फोन दिसेल असा ठेवू नये, कारण काच फोडावयास क्षण पुरतो. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर टांगू नये. इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक घरात लिहून ठेवावा. विमा उतरविताना केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीचा उतरविला, तर चोरीची भरपाई मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. चोरी झाल्यास ताबडतोब पोलिसांत फिर्याद नोंदवावी.

एवढे केले म्हणजे आपण कुलूप लावले. जागल्याचे काम अजून शिल्लकच आहे. गल्लीतला दिवा बंद असेल, तर तो माझ्या दारासमोरचा नाही म्हणून गप्प बसू नये. मध्यरात्री एखाद्या मोटारीचा भोंगा वाजू लागला, तर कूस बदलण्यापूर्वी एकदा खिडकीतून पाहावे. वाड्याच्या किंवा वसाहतीच्या पहारेकऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक असावे, त्याला पुरेसे वेतन, बसावयास जागा आणि थंडीत पांघरूण मिळते की नाही ह्याची चौकशी करावी. जुन्या गावाने जागल्याला राबविले आणि दूर ठेवले. तीच चूक आपण गणवेश चढवून पुन्हा करू नये. उपाशी पहारेकऱ्याच्या भरवशावर निजणारे गाव १८१८ नंतर काय भोगते झाले, ते आपण पाहिलेच.

शेजाऱ्याची काच फुटली, तर त्याला "बंद केली नव्हती का?" हे विचारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारू या, "त्या वेळी मी कुठे होतो?" आपल्या आळीत जागल्या आहे की नाही, ह्याचे उत्तर त्या प्रश्नात आहे.