राक्षसाचा स्वभाव कोणी ठरवला? डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पन्नास वर्षं आणि आपली मुलं



मध्यंतरी आपल्या ग्रुपवर एका आईने विचारलं होतं, "मुलगा दर शुक्रवारी मित्रांकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला जातो. चार-चार तास. स्क्रीन नाही, नुसते फासे आणि कागद. काळजी करण्यासारखं काही आहे का?" खाली दोन टोकाची उत्तरं आली. कोणी म्हणालं, उत्तम आहे, जाऊ द्या. कोणी म्हणालं, सैतानाचा खेळ आहे, लगेच बंद करा. मी "सवडीने लिहिते" म्हणाले आणि टॅक्सच्या हंगामात बुडाले. आता डोकं वर निघालंय, म्हणून लिहिते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आमची मुलगी तीन वर्षं हा खेळ खेळते. तिला नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून मी याचा इतिहास वाचायला घेतला आणि अडकलेच.

आधी खेळ काय आहे ते सांगते. एक जण सूत्रधार असतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. तो गोष्ट सांगतो: जंगल, गुहा, गाव, संकट. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि "मी आता हे करतो" असं सांगतात. जमलं की फसलं हे फासा ठरवतो, तोही वीस बाजूंचा. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो आणि त्यावर दोन महत्त्वाच्या नोंदी असतात. एक क्लास, म्हणजे पात्राचा पेशा: योद्धा, जादूगार, चोर वगैरे. दुसरी अलाइनमेंट, म्हणजे त्याची वृत्ती. माझी सगळी पोस्ट या दुसऱ्या नोंदीबद्दल आहे, पण सुरुवात पेशापासून करू.

१९७४. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे दोघे मुळात खेळण्यातले सैनिक मांडून लढाया खेळणारे. त्यांनी तीन पुस्तिकांचा एक डबा विकायला काढला, तो हा खेळ. पेशे तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक म्हणजे धर्मगुरू. धर्मगुरू कसा आला याची गंमत आहे. आर्नसनच्या टेबलावर एक खेळाडू व्हँपायर होऊन इतका शिरजोर झाला, की त्याला आवरायला व्हँपायरची शिकार करणारा धर्मगुरू तयार करावा लागला. चोर आला कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या एका दुकानात खेळणाऱ्या मंडळींकडून. १९७५ च्या पुरवणीत तो छापला गेला आणि त्याच पुरवणीत पॅलाडिन आला: धर्मनिष्ठ, सत्शील योद्धा.

पॅलाडिनवर माझा विशेष जीव, कारण १९७८ च्या पुस्तकातले त्याचे नियम एखाद्या ट्रस्टच्या घटनेसारखे आहेत. मिळेल त्या उत्पन्नाचे १० टक्के लगेच धर्मादाय द्यायचे. जादूच्या वस्तू १० पेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत. शिवाय तेव्हा मिळवलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळायचा. चार्टर्ड अकाउंटंट बाईला हा खेळ का आवडला, कळलं ना?

आता वृत्ती. १९७४ मध्ये तीनच प्रकार होते: लॉ, न्यूट्रल आणि केऑस. म्हणजे नियम मानणारा, मधला आणि नियम न मानणारा. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक या लेखकांच्या कादंबऱ्यांतून आली होती. १९७६ मध्ये गायगॅक्सने एक लेख लिहून त्यात दुसरी रेघ ओढली: चांगला की वाईट. नियम पाळणारा माणूस चांगला असेलच असं नाही आणि नियम मोडणारा वाईटच असेल असंही नाही. १९७८ च्या पुस्तकात यातून तीन गुणिले तीन, असे नऊ चौकोन पक्के झाले. लॉफुल गुड म्हणजे नियमाने वागणारा सज्जन, केऑटिक गुड म्हणजे नियम धुडकावणारा पण मनाने चांगला, लॉफुल ईव्हिल म्हणजे कायद्यावर बोट ठेवून छळणारा. शेवटचा प्रकार आपण सगळ्यांनी ऑफिसात पाहिलाय.

हा तक्ता घरी वापरून बघा. जेवताना मुलांना विचारा, भीष्म कुठे बसतो? शब्द पाळणारा, म्हणजे लॉफुल नक्की. पण भर सभेत द्रौपदीची विटंबना होताना गप्प बसला, मग गुड म्हणायचं का? आमच्याकडे या एका प्रश्नावर भात गार झाला. किंवा इथला नेड केली घ्या. १८७८ मध्ये स्ट्रिंगीबार्क क्रीकला तीन पोलीस मारले गेले, १८८० मध्ये मेलबर्नला त्याला फाशी झाली, आणि तो वीर होता की खुनी यावर ऑस्ट्रेलियात अजून भांडणं होतात. आपल्या उमाजी नाईकांना पुण्यात १८३२ मध्ये फाशी दिली. इंग्रजांच्या दप्तरात दरोडेखोर, आपल्याकडे आद्य क्रांतिकारक. म्हणजे माणूस कुठल्या चौकोनात बसतो, हे वही कोणाच्या हातात आहे त्यावरही ठरतं.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

त्या १९७६ च्या लेखात एक आलेख होता. सूत्रधाराने प्रत्येक पात्राची त्यावर खूण करायची आणि पात्र जसं वागेल तशी ती सरकवत राहायची. अगदी खातेवही. कागदावर काहीही लिहिलेलं असो, शेवटी कृती मोजली जायची. पुढे तर वृत्ती बदलली की दंड म्हणून एक पातळी खाली यावं लागे.

पण हा न्याय फक्त खेळाडूंच्या पात्रांना होता. ती ज्यांच्याशी लढतात त्यांचं वेगळं पुस्तक होतं, १९७७ चं मॉन्स्टर मॅन्युअल. त्यात प्रत्येक प्राणी आणि जमातीपुढे वृत्ती आधीच छापलेली. ऑर्क म्हणजे लॉफुल ईव्हिल. कुठला ऑर्क, त्याने काय केलं, असे प्रश्नच नाहीत. ऑर्क म्हणून जन्मला, नोंद झाली. गंमत अशी की २००० च्या आवृत्तीत तेच ऑर्क केऑटिक ईव्हिल झाले. एका अख्ख्या जमातीचा स्वभाव अमेरिकेतल्या एका ऑफिसात बदलला!

आणि त्याच मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये आपला राक्षस आहे. हो, नावही राक्षसच. चित्रात वाघाचं तोंड आणि पाइप. मनातलं ओळखतो, ओळखीच्या माणसाचं रूप घेतो, माणसं खातो. मंतरलेला बाण लागला की मरतो. हे सगळं आलं कुठून? रामायणातून नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' नावाची टीव्ही मालिका चालू होती, तिच्या एका भागातून. टीव्हीवरचा राक्षस पुस्तकात गेला आणि वृत्तीच्या जागी छापलं गेलं लॉफुल ईव्हिल. सोबत अशा अर्थाची माहिती: हे आधी भारतात आढळले, आता पसरू लागले आहेत.

हे वाचून मी आधी हसले. मग हसू जरा मावळलं. आधी भारतात होते, आता पसरू लागलेत! परदेशात घर केलेल्या माणसाला हे वाक्य वेगळंच ऐकू येतं.

मुलीने विचारलं, "आई, राक्षस नेहमी ईव्हिलच असतात का?" मी म्हटलं, अगं, विभीषण कोण होता? हिडिंबा राक्षसी होती, भीमाची बायको झाली. तिचा घटोत्कच पांडवांसाठी लढता लढता मेला. आणि बळीराजा तर असुर, तरी दिवाळीच्या पाडव्याला आपण त्याचं राज्य परत येवो म्हणतो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यालाच आपण बळीराजा म्हणतो. मुलगी म्हणाली, "म्हणजे आपल्या गोष्टींमध्ये हे आधीपासून होतं?"

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं, पण हिशेब अर्धा सांगायचा नसतो. तिला कर्णही सांगितला. भर रंगमंडपात त्याचं शस्त्रकौशल्य सगळ्यांनी पाहिलं आणि मग विचारलं काय, तर कूळ कोणतं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, त्यात बळी आणि वामनाची गोष्ट उलट्या बाजूने वाचली: बळी हा इथला राजा आणि वामन हा आक्रमक. जन्मावरून माणसाची नोंद करण्यात आपण अमेरिकेपेक्षा फार जुने आहोत. विभीषणही आपलाच आणि कर्णाला अडवणारेही आपलेच.

खेळाचं पुढे काय झालं? १९८० च्या दशकात त्याच्यावरच शिक्का बसला. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक सोळा वर्षांचा विद्यार्थी बेपत्ता झाला आणि या खेळामुळे वेडा झाला असं छापून आलं. खरी कारणं वेगळी होती, तो मुलगा मनाने फार खचलेला होता. पण १९८२ मध्ये त्यावर बेतलेला सिनेमा आला, १९८३ मध्ये खेळाविरुद्ध संघटना उभी राहिली. सैतानाचा खेळ हे जे आपल्या ग्रुपवर आलं, त्याचं मूळ तिथे आहे. खेळाने ऑर्कवर जे केलं तेच लोकांनी खेळावर केलं: कोण काय करतं ते न बघता नाव वाचून नोंद.

त्यानंतर खेळ हळूहळू बदलला. २००८ मध्ये पॅलाडिनवरची लॉफुल गुडची सक्ती गेली. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये राक्षस लॉफुल ईव्हिलच आहे, पण सूत्रधाराला वाटलं तर छापील वृत्ती बदलावी असं तिथेच लिहिलंय. जून २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की ऑर्कसारख्या जमाती यापुढे सरसकट दुष्ट दाखवणार नाही. २०२१ मध्ये अजित जॉर्ज या भारतीय वंशाच्या लेखकाने खेळातला कलाकेरी नावाचा भारतीय धाटणीचा प्रदेश नव्याने लिहिला. २०२२ च्या एका साहसकथासंग्रहात मिमी मोंडल यांनी बंगालवर बेतलेली कथा लिहिली. २०२४ च्या पुस्तकात वंश हा शब्द जाऊन प्रजाती आला आणि पात्राचे वाढीव गुण जन्माऐवजी त्याच्या पूर्वायुष्याशी, म्हणजे त्याने आधी काय काम केलं याच्याशी जोडले गेले.

पन्नास वर्षांत जी सवलत फक्त खेळाडूंना होती, ती थोडी थोडी बाकीच्यांनाही मिळाली. कृती बघा, मग नोंद करा.

आता माझी चूक सांगते. मुलगी पहिल्यांदा पात्र बनवत होती तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "विझर्ड घे गं, तू हुशार आहेस!" टेबलावरची मुलंही म्हणाली, "हो, तू विझर्डच होणार ना?" त्यांना वर्गातली गणितात पुढे असलेली, शांत भारतीय मुलगी दिसत होती. मला माझी मुलगी दिसायला हवी होती, पण मलाही तेच दिसत होतं. तिने बार्बेरियन घेतली. दणकट, रागीट, मोठ्या आवाजाची. वृत्ती केऑटिक गुड. मला जरा लागलंच तेव्हा. आता तीन वर्षांनी सांगते, शाळेत जो आवाज तिला सापडत नव्हता तो आधी त्या बार्बेरियनला सापडला. तिचा ओपनिंग बॅलन्स मीच लिहून मोकळी झाले होते. पुढच्या सगळ्या नोंदी तिने केल्या.

तर त्या आईला माझं उत्तर: काळजी नको, पण चौकशी जरूर करा. सूत्रधार कोण आहे, टेबलावर कोण कोण असतं, एखाद्याला नको असलेला विषय आला तर थांबतात का, घरी किती वाजता सोडतात. बऱ्याच ठिकाणी कौन्सिलच्या लायब्ररीत मुलांसाठी हा खेळ चालतो, तिथून सुरुवात बरी. जानेवारीच्या लाँग वीकएंडला कॅनबेरात कॅनकॉन नावाचा मोठा खेळमेळावा भरतो, एकदा सगळे मिळून जाऊन बघा. आणि मुलाला "आज जिंकलास का?" विचारू नका, या खेळात तसं जिंकणं नसतं. "आज तुझ्या पात्राला कुठला निर्णय जड गेला?" असं विचारा.

तुमच्या घरी कोण कुठला क्लास घेतं? आणि भीष्म कुठल्या चौकोनात? खाली लिहा. आमच्याकडे अजून मिटलेलं नाही.