माळवद

आमच्या लातूर-धाराशिव भागात घर म्हणजे माळवद. पत्रा आला तो मागून. काळ्या दगडाची दोन-अडीच फुटांची भिंत, गारा मातीचा. वर तुळया, लाकडं आणि त्यावर पांढरी माती. मृग निघायच्या आत, गळू नये म्हणून, आणखी माती टाकायची. आज्यानं टाकली, बापानं टाकली. जुनी खाली काढायची असते, हे कुणाच्या ध्यानातच नाही.

शहरातल्या माणसाला वाटतं, घर राहण्यासाठी असतं. आमचं घर आधी ज्वारीसाठी, मग बैलांसाठी आणि उरल्या जागेत माणसांसाठी. बळदात धान्य, ढाळजेत आल्यागेल्याची बैठक, माळवदावर वाळवण. उन्हाळ्यात झोपायलाही तिथंच. भिंत जाड ती उन्हामुळं आणि चोरांमुळं. रझाकारांच्या दिवसांत लोक हीच दारं लावून बसायचे, असं म्हातारी माणसं सांगत.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपलेले. जवळपास आठ हजार माणसं गेली. लोक म्हणाले, देव कोपला. पण भिंतीला बाहेरचा एक पदर, आतला एक आणि मधे नुसती भर. दोन्हींना सांधणारा आरपार दगड नव्हता. पदर फाकले अन् वरची पिढ्यान् पिढ्यांची माती खाली आली. जिथं लाकडी खांबांवर खण होते, तिथं बऱ्याच ठिकाणी भिंती पडूनही माळवद तोलून राहिलं. पण एवढं सागवान कुणाला परवडतंय! आणि कुडाच्या झोपडीतले गरीब बहुतेक वाचले. दगडी घर म्हणजे अब्रू. त्या अब्रूखालीच माणसं दबली.

पुढं 52 गावं नव्या जागी गेली. घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली: भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यावर 750. घरं पक्की होती, त्यात खोट काढायची नाही. पण बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा, हे नकाशात नव्हतं. गल्ली, पार, वेस जाऊन छावणीसारख्या सरळ रांगा आल्या. शेजार बदलला. दोन-तीन वर्षांत दारोदार पत्र्याची शेडं उठली. म्हणायला गुरांसाठी; पण कितीतरी म्हातारी माणसं रात्री बाज तिथंच टाकायची. स्लॅबखाली त्यांचा डोळा लागत नव्हता.