हत्तीरोगाच्या रक्तचाचण्या

हत्तीरोगाच्या रक्तचाचण्या म्हणजे हत्तीरोगास कारणीभूत असलेल्या परजीवी कृमींचा संसर्ग रक्ताच्या नमुन्यावरून ओळखण्याच्या पद्धती होत. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, ब्रुगिया मलायी व ब्रुगिया टिमोरी या तीन गोलकृमींमुळे हा रोग होतो आणि तो डासांमार्फत पसरतो. बहुसंख्य रुग्णांमध्ये वुचेरेरिया बँक्रॉफ्टी आढळतो. महाराष्ट्रात विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व नागपूर या जिल्ह्यांत रोगाचा प्रादुर्भाव आढळला आहे.

निदानाची गरज

प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत राहतात आणि त्यांच्या सूक्ष्म अळ्या (मायक्रोफायलेरिया) रक्तात येतात. अनेक बाधितांमध्ये बाह्य लक्षणे नसतात. तरीही त्यांच्या रक्तातील अळ्या डासांमार्फत इतरांपर्यंत पोहोचतात. याउलट, पाय कायमचा सुजलेल्या रुग्णाच्या रक्तात अळ्या बहुधा सापडत नाहीत. त्यामुळे केवळ सुजेवरून संसर्गाचे प्रमाण ठरवता येत नाही.

रात्रीची रक्ततपासणी

पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे या कृमीची वाढ डासाच्या शरीरात होते, हे दाखवले. अळ्या प्रामुख्याने रात्री परिघीय रक्तात येतात, हेही त्यांनी पुढे नोंदवले. त्यामुळे साधारणपणे रात्री १० ते २ या वेळेत बोटातून रक्त घेऊन त्याचा जाड लेप सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. ही पद्धत स्वस्त आहे. मात्र अळ्या विरळ असल्यास संसर्ग नजरेतून सुटतो.

प्रतिपिंड चाचण्या

कृमींविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे या चाचण्या शोधतात. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत अळ्यांच्या स्रावांतील प्रतिजनांचा वापर करून अशा चाचण्यांवर संशोधन झाले. प्रतिपिंडे संसर्ग संपल्यावरही टिकू शकत असल्याने जुना व चालू संसर्ग वेगळा ओळखणे कठीण जाते.

प्रतिजन चाचण्या

या चाचण्या वुचेरेरिया बँक्रॉफ्टीच्या प्रौढ कृमींनी रक्तात सोडलेले प्रतिजन ओळखतात. ते दिवसाही रक्तात असल्याने रात्री नमुना घ्यावा लागत नाही. १९९० च्या दशकात आलेल्या कार्ड चाचणीसाठी १०० मायक्रोलिटर रक्त लागे. नंतरच्या फायलेरिया चाचणी पट्टीला ७५ मायक्रोलिटर पुरते आणि निकाल १० मिनिटांत मिळतो.

मर्यादा

ब्रुगिया संसर्ग या पट्टीने ओळखता येत नाही. त्यासाठी प्रतिपिंडांवर आधारित वेगळी जलद चाचणी वापरतात. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ या दुसऱ्या कृमीच्या काही रुग्णांमध्येही पट्टी सकारात्मक निकाल देते. उपचारांनी अळ्या नाहीशा झाल्यावरही प्रतिजन बराच काळ आढळू शकते.

निर्मूलनातील महत्त्व

जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये निर्मूलनाचा जागतिक कार्यक्रम सुरू केला. त्यात बाधित भागातील पात्र लोकसंख्येला सामूहिक औषधोपचार दिला जातो. तो थांबवावा की नाही, हे ठरवताना ६ ते ७ वर्षांच्या मुलांची रक्तचाचणी करतात. कारण त्यांच्यातील संसर्ग अलीकडील प्रसार दर्शवतो. चाचणीत संसर्ग सुटल्यास औषधे वेळेआधी बंद होऊन रोग पुन्हा पसरू शकतो, तर चुकीच्या सकारात्मक निकालांमुळे निरोगी लोकांना विनाकारण औषधे घ्यावी लागतात.