आचरेकर, रमाकांत विठ्ठल

(३ डिसेंबर १९३२ – २ जानेवारी २०१९). मुंबईच्या शालेय व क्लब क्रिकेटमधील नामवंत प्रशिक्षक. दादर येथील शारदाश्रम विद्यामंदिर या शाळेचा संघ आणि शिवाजी पार्कवरील कामत मेमोरियल क्रिकेट क्लब ही त्यांची दोन मुख्य कार्यक्षेत्रे. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर, समीर दिघे, रमेश पोवार आदी कसोटीपटू त्यांच्या हाताखाली घडले. द्रोणाचार्य पुरस्कार (१९९०) व पद्मश्री (२०१०) या सन्मानांचे मानकरी.

जन्म व पार्श्वभूमी

आचरेकरांचा जन्म मालवण येथे झाला. मालवण त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होते; १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा काढून सिंधुदुर्ग जिल्हा करण्यात आला. पावस, राजापूर, देवगड, मालवण या किनारपट्टीवरची घरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या पगारावर चालत आली. गावाकडचे लोक ज्यांना चाकरमानी म्हणतात ती माणसे गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांत चाळींतून राहिली आणि त्यांची मुले मैदानांवर वाढली. आचरेकरांची कारकीर्द याच वस्तीत उभी राहिली. ते जन्मले त्याच वर्षी, जून १९३२ मध्ये, भारताने लॉर्ड्‌सवर आपला पहिला कसोटी सामना खेळला.

खेळाडू म्हणून

१९४३ मध्ये खेळास सुरुवात. १९४५ मध्ये न्यू हिंद स्पोर्ट्‌स क्लबकडून. पुढे यंग महाराष्ट्र इलेव्हन, गुलमोहर मिल्स आणि मुंबई पोर्ट या संघांतून ते खेळले. प्रथम श्रेणीचा एकच सामना त्यांच्या नावावर आहे: १९६३-६४ च्या मोसमात मोईन-उद-दौला सुवर्णचषक स्पर्धेत, स्टेट बँकेच्या संघाकडून, हैदराबादविरुद्ध.

शालेय क्रिकेटची चौकट

आचरेकरांचे काम समजण्यासाठी मुंबईच्या शालेय क्रिकेटची घडण माहीत असणे आवश्यक आहे. सोळा वर्षांखालील मुलांसाठी हॅरिस ढाल आणि चौदा वर्षांखालील मुलांसाठी जाइल्स ढाल या शहरातील दोन जुन्या आंतरशालेय स्पर्धा. पहिलीला १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांचे नाव आहे. या सामन्यांचे धावफलक वृत्तपत्रांत छापून येत, निवड समितीचे लोक मैदानावर येऊन बसत, आणि मोठी खेळी करणाऱ्या मुलाला क्लबचे दार उघडे होई. क्लबनंतर पावसाळ्यातली डॉ. कांगा लीग, बँका व कंपन्यांच्या संघांची टाइम्स ढाल आणि त्यापुढे मुंबईचा रणजी संघ अशी पायऱ्यापायऱ्यांची वाट होती.

याच्या तुलनेत अमेरिकेत महाविद्यालयीन प्रशिक्षक हे विद्यापीठाचे पगारी पद असते. इंडियाना विद्यापीठाचे जेम्स काउन्सिलमन हे त्याचे ठळक उदाहरण. १९६८ ते १९७३ या काळात त्यांच्या जलतरण संघाने सलग सहा राष्ट्रीय विद्यापीठ विजेतेपदे मिळवली. मार्क स्पिट्झ हा त्यांचाच शिष्य. त्यांच्या दिमतीला तलाव, प्रयोगशाळा, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह होते. मुंबईत यांतले काही नव्हते. सार्वजनिक मैदानाचा एक कोपरा, मॅटिंग, दोन-तीन नेट आणि शाळेचा गणवेश घातलेली मुले एवढ्यावर काम चालायचे. या तुटपुंज्या साधनांतून आचरेकरांनी सातत्याने वरच्या दर्जाचे खेळाडू काढले. त्यांच्या यशाचे मोल ठरवताना हे विसरता येत नाही.

शिवाजी पार्क आणि शारदाश्रम

शिवाजी पार्क हे मैदान १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुले झाले व १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. येथे आचरेकरांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लबची स्थापना केली. क्लब आणि शाळा यांचा त्यांनी एकमेकांशी मेळ घातला. शाळेच्या मुलांना क्लबचे सामने मिळत आणि क्लबात आलेल्या गुणी मुलाला शारदाश्रममध्ये नाव घालण्याचा सल्ला दिला जाई.

तेंडुलकर याच वाटेने आला. १९८४ मध्ये थोरले बंधू अजित यांनी अकरा वर्षांच्या सचिनला शिवाजी पार्कवर नेले. पहिल्या चाचणीत मुलगा बुजला आणि आचरेकरांना तो लहान व कच्चा वाटला. सरांनी दूर जाऊन, झाडाआडून त्याची फलंदाजी पाहावी, अशी विनंती अजित यांनी केली. सर नजरेआड झाल्यावर मुलगा मोकळेपणाने खेळला आणि शिबिरात त्याला जागा मिळाली. पुढे आचरेकरांच्या सांगण्यावरून त्याने वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये प्रवेश घेतला. मैदानाजवळ राहता यावे म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहू लागला.

प्रशिक्षणाची पद्धत

आचरेकरांनी पुस्तक लिहिले नाही. त्यांच्या पद्धतीची माहिती मुख्यतः शिष्यांच्या सांगण्यातून मिळते आणि तीत तेंडुलकरच्या आठवणींचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्यामुळे पुढील वर्णन फलंदाजीकडे अधिक झुकलेले आहे.

नेटमधील सरावापेक्षा सामना हा खरा गुरू, हे या पद्धतीचे मूळ सूत्र. तेंडुलकरच्या आत्मचरित्रानुसार (२०१४) पहिल्याच उन्हाळी सुटीत, साठ दिवसांत, तो पंचावन्न सराव सामने खेळला. दिवसाचा क्रम ठरलेला असे. सकाळी साडेसातपासून नेट, मग सामना, आणि सामना आटोपल्यावर पाच वाजता पुन्हा नेट. एका मैदानावर लवकर बाद झालेल्या मुलाला आचरेकर आपल्या स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर घेऊन जात आणि तेथे चालू असलेल्या सामन्यात फलंदाजीला उतरवत. शिवाजी पार्कवर बाद झालेला मुलगा दुपारी आझाद मैदानावर नव्या गोलंदाजांपुढे उभा असे. खेळपट्टी बदले, चेंडूची उसळी बदले, आजूबाजूची माणसे बदलत. आणि बाद झाल्याचे दुःख करीत बसायला वेळ उरत नसे.

संध्याकाळच्या सत्राचा शेवट विशेष प्रसिद्ध आहे. नेट काढून टाकले जाई. दिवसभर खेळून थकलेल्या फलंदाजाला मधोमध उभे केले जाई आणि शिबिरातली सगळी मुले क्षेत्ररक्षणाला पांगत. आचरेकर मधल्या स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. गोलंदाजाने फलंदाजाला बाद केले तर नाणे गोलंदाजाचे. फलंदाज शेवटपर्यंत टिकला तर त्याचे. मैदानभर पसरलेल्या इतक्या मुलांमध्ये उचललेला कोणताही फटका झेल ठरण्याचा धोका होता. चेंडू जमिनीलगत ठेवण्याची आणि दमलेल्या अंगाने लक्ष टिकवण्याची शिकवण यापेक्षा सोप्या साधनाने देणे कठीण. तेंडुलकरने अशी तेरा नाणी मिळवली आणि ती जपून ठेवली. त्यानंतरही सुटका नसे: पॅड आणि ग्लोव्हजसह शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारून मगच घरी जायचे.

शिस्तीच्या बाबतीत ते कडक होते. ठरवून दिलेला सराव सामना टाकून तेंडुलकर एकदा शाळेच्या मोठ्या संघाला टाळ्या वाजवायला वानखेडे स्टेडियमवर गेला. आचरेकरांनी त्याला थप्पड लगावली आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा लोकांनी आपल्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असे खेळ, अशा अर्थाचे सुनावले. हा प्रसंग पुढे तेंडुलकरने स्वतः अनेकदा कृतज्ञतेने सांगितला. आजच्या शिक्षणविचारात मारास जागा नाही. त्या काळच्या मैदानावर मात्र तो रूढ होता.

तोंडावर स्तुती करणे त्यांनी कटाक्षाने टाळले. मुलाच्या डोक्यात हवा जाईल या भीतीने त्यांनी आपल्याला कधी ‘चांगला खेळलास’ म्हटले नाही, असे तेंडुलकरने १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवरील निरोपाच्या भाषणात सांगितले.

६६४ धावांची भागीदारी

आचरेकरांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक नोंदला गेलेला सामना म्हणजे फेब्रुवारी १९८८ मधील हॅरिस ढालीचा उपांत्य सामना. शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स, फोर्ट. मैदान आझाद मैदान. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाल्यावर तेंडुलकर आणि कांबळी एकत्र आले. तेंडुलकर चौदा वर्षांचा, कांबळी सोळा वर्षांचा. पहिल्या दिवसअखेर दोघेही दीडशेच्या पुढे नाबाद होते. प्रतिस्पर्धी गोलंदाजांत पुढे भारताकडून खेळलेला लेगस्पिनर साईराज बहुतुले होता.

दुसऱ्या दिवशी डाव लवकर घोषित करावा, असा आचरेकरांचा निरोप होता. ते स्वतः मैदानावर नव्हते. त्यांचे सहायक लक्ष्मण चव्हाण सीमारेषेवरून खुणा करीत राहिले आणि दोन्ही मुलांनी तिकडे पाहायचे टाळले. अखेर उपाहाराला आचरेकरांशी फोनवर बोलणे झाले. कांबळीला साडेतीनशेसाठी एक धाव हवी होती. ती घेण्याची परवानगी मिळाली नाही आणि डाव २ बाद ७४८ वर घोषित झाला. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, अभेद्य भागीदारी ६६४. नंतर कांबळीने ३७ धावांत ६ बळी घेतले आणि सेंट झेवियर्सचा डाव १४५ धावांत आटोपला. अंजुमन-इ-इस्लामविरुद्धच्या अंतिम सामन्यात तेंडुलकरने नाबाद ३४६ धावा काढल्या.

ही भागीदारी त्या वेळी कोणत्याही स्तरावरील क्रिकेटमधील सर्वांत मोठी होती. नोव्हेंबर २००६ मध्ये हैदराबादच्या सेंट पीटर्स शाळेच्या दोन मुलांनी ७२१ धावांची अभेद्य भागीदारी करून हा विक्रम मोडला. तेंडुलकर-कांबळी भागीदारी चालू असताना शारदाश्रमचा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा अमोल मुजुमदार होता. त्याने १९९३-९४ मध्ये रणजी पदार्पणात हरयाणाविरुद्ध २६० धावा केल्या आणि प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा जमवल्या. भारताच्या संघात मात्र त्याची निवड झाली नाही.

एका धावेची सवलत न देण्यात आचरेकरांचा स्वभाव दिसतो. वैयक्तिक आकड्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला बाद करण्यासाठी हाती उरणारा वेळ त्यांना महत्त्वाचा वाटला.

शिष्य

शिष्यांची निश्चित यादी करणे अवघड आहे, कारण मुंबईतील बहुतेक खेळाडू एकापेक्षा अधिक प्रशिक्षकांकडे शिकले. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील बलविंदरसिंग संधू यांच्या जडणघडणीत यशवंत ऊर्फ बाबा सिधये यांचाही वाटा होता. लालचंद राजपूत, संजय बांगर आणि पारस म्हांब्रे यांची नावेही आचरेकरांच्या शिष्यांत घेतली जातात.

तेंडुलकरने १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराची येथे कसोटी पदार्पण केले आणि २०० कसोटींनंतर १०० आंतरराष्ट्रीय शतकांसह निवृत्ती घेतली. आमरे यांनी १९९२ मध्ये डर्बन येथे कसोटी पदार्पणातच शतक केले. कांबळीने १९९३ मध्ये लागोपाठच्या कसोटींत २२४ व २२७ धावा काढल्या. आगरकरने २००२ मध्ये लॉर्ड्‌सवर नाबाद १०९ धावा केल्या.

या यादीतील तितकीच मोलाची, पण कमी चर्चिलेली बाजू म्हणजे तिच्यातून निघालेले प्रशिक्षक. चंद्रकांत पंडित यांनी मुंबईबरोबरच विदर्भ (२०१७-१८, २०१८-१९) आणि मध्य प्रदेश (२०२१-२२) या संघांना रणजी विजेतेपद मिळवून दिले. २००७ च्या पहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकात भारतीय संघाची सूत्रे राजपूत यांच्याकडे होती. बांगर भारताचे फलंदाजी प्रशिक्षक आणि म्हांब्रे गोलंदाजी प्रशिक्षक झाले. पोवार यांनी महिला संघाला प्रशिक्षण दिले. आमरे यांनी अनेक भारतीय फलंदाजांना वैयक्तिक मार्गदर्शन केले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार होते. एका शाळेच्या व एका क्लबच्या मैदानावरून इतके प्रशिक्षक निघाल्याचे दुसरे उदाहरण भारतीय क्रिकेटमध्ये सहज सापडत नाही.

निवड समिती

मुंबई संघाच्या निवड समितीवर काही काळ सदस्य.

सन्मान व अखेरचा काळ

द्रोणाचार्य पुरस्कार, १९९०. पद्मश्री, २०१०. उत्तरायुष्यात प्रकृतीमुळे हालचाली मर्यादित झाल्या तरी शिष्यांची घरी ये-जा चालू राहिली. गुरुपौर्णिमेला तेंडुलकर भेटीस येत असे. दादर येथील राहत्या घरी वयाच्या ८६ व्या वर्षी निधन. अंत्ययात्रेत तेंडुलकर आणि इतर शिष्यांनी खांदा दिला.

मूल्यमापन

आचरेकरांनी तंत्राचा नवा सिद्धांत मांडला नाही. मुलाला रोज नव्या परिस्थितीत खेळायला लावणे, त्याचे अपयश त्याच दिवशी दुसऱ्या डावाने पुसून टाकणे आणि शिस्तीत सवलत न देणे, एवढ्या तीन गोष्टी त्यांनी वर्षानुवर्षे न कंटाळता केल्या. यांपैकी पहिल्या दोन आज मुंबईत अवघड झाल्या आहेत. मैदाने आक्रसली, शिकवणी वर्गांनी दुपार-संध्याकाळ घेतली आणि पंचावन्न सामन्यांची सुटी मुलांना मिळत नाही. महागड्या अकादमींनी नेट वाढवली, पण सामन्यांची जागा ती भरून काढू शकत नाहीत. शालेय क्रिकेटचा विचार करणाऱ्यांनी आचरेकरांच्या पद्धतीतून घ्यावे असे हेच आहे: मोकळी मैदाने राखावीत आणि मुलांना भरपूर सामने द्यावेत.

शिवाजी पार्कच्या पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वाराजवळ आचरेकरांचे स्मारक उभारण्यात आले असून त्याचे अनावरण त्यांच्या जन्मदिनी, ३ डिसेंबर २०२४ रोजी, तेंडुलकरच्या हस्ते झाले.