परदेशी कांदा भारतात येताना कोणत्या तपासण्या होतात? 2020 मध्ये कोणता नियम शिथिल केला होता?

कांद्याचे भाव चढले की इराण, इजिप्त, तुर्कस्तान, अफगाणिस्तान ही नावं बातम्यांत दिसू लागतात. तिथला कांदा येणार आणि भाव उतरणार, असं सांगितलं जातं. पण पैसे मोजले म्हणून परदेशातली ताजी भाजी थेट बाजार समितीत पोहोचत नाही. तिच्याबरोबर एखादी कीड किंवा रोग तर येत नाही ना, हे आधी तपासावं लागतं. 21 ऑक्टोबर 2020 रोजी केंद्र सरकारने कांद्यापुरता हा नियम काही काळ शिथिल केला. त्यात काय सोडलं आणि काय कायम ठेवलं, यावरून हा नियम कशासाठी आहे ते नीट समजतं.

कोणते कागद लागतात?

याला आधार आहे 1914 चा विध्वंसक कीटक व कीड कायदा आणि त्याखाली निघालेला 2003 चा प्लांट क्वारंटाइन आदेश. कोणतं पीक, कोणत्या देशातून, खाण्यासाठी की लागवडीसाठी आणि कोणत्या अटींवर आणता येईल, याच्या याद्या या आदेशात आहेत. यादीत नसलेली भाजी आणायची असेल, तर आधी तिच्याबरोबर कोणत्या किडी येऊ शकतात याचा अभ्यास होतो. त्यानंतरच परवानगीचा विचार होतो.

आयातदाराने माल निघण्यापूर्वी आयात परवाना घ्यायचा असतो. माल पाठवणाऱ्या देशाच्या सरकारी यंत्रणेने तो तपासून फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र द्यायचं असतं. 1951 च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारामुळे या प्रमाणपत्राचा नमुना जगभर जवळपास सारखाच असतो. भारतात माल उतरला की क्वारंटाइन अधिकारी नमुने काढून पाहतात. कीड सापडली तर मालावर प्रक्रिया होते. प्रक्रियेने काम भागत नसेल, तर तो परत पाठवला जातो किंवा नष्ट केला जातो.

इथे बऱ्याच जणांचा एक गोंधळ होतो. हे प्रमाणपत्र म्हणजे भाजी खायला चांगली असल्याचा दाखला नाही. कीटकनाशकांचे अंश, खाण्यायोग्यता हे ‘एफएसएसएआय’चं काम आणि त्याची तपासणी वेगळी. फायटोसॅनिटरी तपासणी ग्राहकाच्या पोटासाठी नसून इथल्या शेतासाठी असते. माणसाला काहीही अपाय न करणारा कांदाही या तपासणीत नापास होऊ शकतो.

कांद्यात भीती कशाची?

मुख्यतः दोन जिवांची. पहिला, खोड आणि कंदात राहणारा सूत्रकृमी. शास्त्रीय नाव डिटायलेंकस डिप्सासी. लांबी जेमतेम एक-दीड मिलिमीटर, जाडी दोऱ्याहूनही कमी. तो कांद्याच्या आत राहतो आणि कंद मऊ पडून सडतो. कांदा-लसणाखेरीज इतर शेकडो वनस्पतींवरही तो जगतो. त्याची खरी चिवट बाजू अशी, की वाळलेल्या पाल्यात तो सुप्तावस्थेत कित्येक वर्षं तग धरतो आणि ओल मिळाली की पुन्हा हालचाल सुरू करतो. एकदा जमिनीत गेला की त्याला हुसकावणं फार अवघड.

दुसरी, कांद्यावरची माशी. ती रोपाच्या बुडाशी अंडी घालते आणि अळी कंद पोखरत आत शिरते.

परकी कीड आल्यावर काय होतं, हे महाराष्ट्राने टोमॅटोत पाहिलं आहे. पानं आणि फळं पोखरणारी टूटा अ‍ॅब्सोल्यूटा ही अळी मूळची दक्षिण अमेरिकेची. 2006 मध्ये ती स्पेनमध्ये सापडली आणि 2014 मध्ये भारतात, तीही पहिल्यांदा पुण्याच्या भागात. आता तिच्यासाठी फवारणी, सापळे हा टोमॅटो उत्पादकांच्या खर्चाचा भाग झाला आहे.

2020 मध्ये काय बदललं?

मूळ नियमानुसार कांद्याचं धुरीकरण, म्हणजे बंदिस्त जागेत मिथाइल ब्रोमाइड वायूने कीड मारणं, माल निघण्यापूर्वी त्याच देशात व्हायला हवं आणि तशी नोंद प्रमाणपत्रावर हवी. अडचण अशी, की हा वायू ओझोनचा थर विरळ करतो. मॉन्ट्रियल करारात क्वारंटाइनसाठी त्याला सूट असली, तरी अनेक देशांनी तो वापरणं कमी केलं आहे. युरोपीय संघाने तर 2010 पासून तो बंदच केला. कॅनडाच्या वाटाणा-मसुरीवरूनही भारताचा याच मुद्द्यावर वर्षानुवर्षे वाद चालला.

शिथिलतेनंतर धुरीकरण न झालेला कांदाही भारतात उतरू शकत होता. मान्यताप्राप्त संस्थेकडून इथेच धुरीकरण करून घ्यायचं होतं. एरवी अट मोडली तर तपासणी शुल्काच्या चौपट जादा रक्कम भरावी लागते, तीही माफ झाली. सूत्रकृमी किंवा माशीची अळी सापडली, तर धुरीकरणाने ती मारून माल सोडायचा होता. ही मुदत आधी 15 डिसेंबर 2020 पर्यंत होती, नंतर ती 31 जानेवारी 2021 पर्यंत वाढवली गेली.

म्हणजे प्रक्रिया रद्द झाली नाही, तिची जागा बदलली. पण हा बदल दिसतो तितका साधा नाही. आधी कीड परदेशातच मारली जात होती. आता ती जिवंत असली तरी बंदरापर्यंत येणार होती आणि सगळी भिस्त इथल्या नमुना तपासणीवर राहिली. भाव भडकलेले असताना सरकारला घाई असते, हेही उघड आहे. तरी शेतकऱ्याच्या जमिनीसाठी केलेली तरतूद ग्राहकाच्या भावासाठी सैल होत असेल, तर ती जोखीम कोण उचलतं, हा प्रश्न लासलगाव-पिंपळगावच्या पट्ट्यात रास्तच ठरतो.

एक अट मात्र कायम ठेवली होती: हा कांदा फक्त खाण्यासाठी, लागवडीसाठी नाही. तिला कारण आहे. अनेक शेतकरी निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावतात, त्यांना फुलोरा आणतात आणि बियाणं घरीच तयार करतात. त्या कांद्यात परदेशी कंद मिसळला, तर सूत्रकृमी थेट शेतात उतरतो. गोणी बंदरातून सुटून आडत्याकडे गेली की तो कांदा स्वयंपाकघरात जातो की वाफ्यात, हे तपासायला मात्र कुणी उभं नसतं.